दसऱ्याला ट्रॅक्टरला काम

मालोजी अण्णांचं घराणं बंगळूरला येऊन चारशे वर्षं झाली होती आणि ट्रॅक्टर येऊन आठ. अण्णांचा जीव मात्र ट्रॅक्टरवर जास्त.

तीन वर्षांपूर्वी त्यांची पुण्याची सून सुखदा आयटीतली नोकरी सोडून कनकपुरा रस्त्याकडच्या घरच्या दोन एकरांत उतरली आणि यापुढे नांगरट बंद, असं तिने जाहीर केलं. याला ती पर्माकल्चर म्हणे; अण्णा आळस म्हणत. पालापाचोळ्याखाली पपई, शेवगा, हळद एकाच वाफ्यात दाटीवाटीने वाढू लागली आणि माती अशी झाली की हात मनगटापर्यंत सहज आत जावा. एकदा नांगर फिरला, की तीन वर्षांची मेहनत मातीत. म्हणजे नको त्या अर्थाने.

खंडेनवमीला अण्णांनी ट्रॅक्टर धुतला, हार घातला, चाकांखाली लिंबं चिरडली आणि मागे नांगर जोडला.

"उद्या दसरा. पुजलेल्या औजाराला काम नको? एकच फेरी. स्वल्प."

"अण्णा, फेरी हळदीतून जाते."

"मग हळदीला म्हणावं, बाजूला हो."

"दोन दसरे ऐकलंत ना माझं?"

"म्हणूनच यंदा ऐकत नाही."

सुखदाचा नवरा अभिराज याला नेमका याच क्षणी सुट्टीच्या दिवशीही ऑफिसचा फोन आला. फोन घ्यायला तो पार विहिरीपलीकडे गेला.

सकाळी अण्णा फेटा बांधून बाहेर आले, तर नांगर बांधावर आणि ट्रॅक्टरला ट्रॉली. सीटवर सुखदा, कोपरापर्यंत ग्रीस.

"कुठं निघालीस?"

"जयनगरला. काल सगळ्या दुकानांनी दाराला केळीचे खांब बांधलेत. आज ते रस्त्यावर पडणार. वाफ्यांवर अंथरायला मला ट्रॉलीभर हवेत. काम पाहिजे होतं ना? हे काम."

"तुला चालवता येतो?"

"पुढे येतो."

"आणि मागे?"

"म्हणून तर तुम्ही चला."

अण्णांनी तिला सीटवरून उठवलं. आपला ट्रॅक्टर जयनगरात कुणाच्या तरी कारवर चढावा, एवढे काही ते हट्टाला पेटले नव्हते.

खांब भरपूर मिळाले. दुकानांपुढे कुंकू भरून फोडलेले कोहळे मात्र दोघांनीही सोडले. अण्णांच्या मते दृष्ट काढलेली वस्तू शेतात नेत नाहीत. सुखदाच्या मते त्यावरचा लाल रंग रासायनिक. तीन वर्षांत दोघांचं हे पहिलं एकमत.

परतल्यावर अण्णांनी गियर टाकला. "आत हळदीपर्यंत नेतो. नांगर नाहीये आता."

"चाकही नको, अण्णा. माती दबते." ती फाटकात आडवी उभी राहिली.

अण्णांनी इंजिन दोन मिनिटं तसंच गुरगुरत ठेवलं. ती हलली नाही. शेवटी त्यांनी ते बंद केलं, फेटा सीटवर ठेवला आणि ट्रॉलीतला सगळ्यात जड खांब खांद्यावर घेतला.

"अभिराजला बोलाव," ते म्हणाले. "फोन संपला नसेल तर फोनसकट."