कोटाच्या खिशातलं नाव

चामटोलीच्या विठाने एका शब्दाची धास्ती घेतली होती. तो शब्द म्हणजे बेवारस.

झालं असं की त्या वर्षी गणपतीच्या आसपास वांगणीकडचा एक माणूस कर्जत रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला आणि जागीच गेला. खिशात विडीचं बंडल आणि एक रुमाल, बाकी काही नाही. घरचे त्याला सगळ्या पाहुण्यारावळ्यांकडे शोधत फिरत होते आणि हा इकडे दवाखान्याच्या खोलीत पडून होता. पोलिसांनी फळ्यावर खडूने लिहून टाकलं, बेवारस. आता सांगा, बायको, लेकरं, म्हातारी आई, गोठ्यात म्हशी, एवढा गोतावळा मागे असलेला माणूस बेवारस कसा? पण कायद्याला गोतावळा दिसत नाही, त्याला कागद दिसतो. विठाच्या कानावर हे आलं आणि तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना.

कारण तिचा नवरा महिपती रोज पहाटे राजदूत मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन लटकवून निघायचा. बदलापूर झालं, अंबरनाथ झालं की थेट उल्हासनगरच्या कॅम्पात. तिथल्या सिंधी बायका त्याच्या हॉर्नवर पातेलं घेऊन बाहेर यायच्या, पण त्या त्याला ओळखायच्या त्या 'दूधवाला' म्हणून. कुणी कधी दूधवाल्याला नाव विचारतं का? दूध पातळ का, एवढंच विचारतात.

विठा माहेरची विठ्ठलवाडीच्या चाळीतली, सातवी पास. तिचा बाप अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात होता आणि त्याच्या छातीवर बिल्ला असायचा, त्यावर नाव, पत्ता, रक्ताचा गट सगळं. तिने नवऱ्याला म्हटलं, तुम्हीही तसं काहीतरी जवळ ठेवा. महिपती हसला. म्हणाला, मी दूध घालायला जातो, लढाईवर नाही. तिने पुन्हा सांगितलं, तो पुन्हा हसला. पण ऐकून गप्प बसेल ती विठा कसली! थंडी सुरू झाली तशी तिने त्याच्या खोकल्याचं निमित्त केलं आणि त्याला बदलापूरच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टर जुने, भल्या मनाचे. महिपतीला सल्फाच्या गोळ्या सोसत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. मागे एकदा त्या घेतल्यावर त्याच्या तोंडात आणि अंगभर फोड उठले होते, तेव्हा त्यांनीच त्याला बरं केलं होतं. विठाचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी आपल्या नावाच्या कागदावर लिहून दिलं. महिपती, राहणार चामटोली, रक्ताचा गट अमुक, सल्फा अजिबात देऊ नये. आणि मग, अपघातात डॉक्टरची अडचण होऊ नये म्हणून, आपणहून पुढे लिहिलं, 'पेनिसिलीन चालतं, मी स्वतः दिलेलं आहे.' खाली सही, शिक्का.

पेनिसिलीन हा शब्द कागदावर उतरताना विठाला चटकन आपले मोठे भावजी आठवले. महिपतीचा थोरला भाऊ रघु. दोन पावसाळ्यांपूर्वी चिखलणीत त्याच्या पायात खिळा घुसला होता. अंबरनाथच्या एका डॉक्टरने सुई दिली आणि बघता बघता भावजींचा चेहरा सुजला, घसा आवळला, डोळे पांढरे झाले. डॉक्टरने धावपळ करून जीव वाचवला आणि बजावून सांगितलं की ह्या माणसाला पेनिसिलीन जन्मात द्यायचं नाही. बरोबर भावजींची बायको इंदुबाई होती आणि विठा होती. इंदुबाईला लिहितावाचता येत नव्हतं, तो शब्द तिच्या जिभेवर बसेना. ती तेव्हाच विठाला म्हणाली होती की बाई, हा शब्द तूच ध्यानात ठेव, मी आपली 'ती सुई' म्हणेन. तेव्हापासून घरात तो शब्द विठाच्या हवाली होता.

तर डॉक्टर लिहीत असताना विठाच्या मनात आलं, भावजींचंही लिहून घ्यावं. पण बाहेर पेशंट ताटकळले होते, महिपती चुळबुळ करत होता आणि भावजी कुठे रोज गाडीवर जातात? ते गोठा आणि शेत बघणारे. पुढच्या खेपेला घेऊ, असं तिने मनाशी म्हटलं. माणूस असंच म्हणतो. त्यात तिचा खोटेपणा काडीचा नव्हता, एवढं मात्र खरं.

घरी येऊन तिने चिठ्ठीच्या तळाला गावातल्या कमळाकरच्या पोल्ट्रीचा फोन नंबर लिहिला, कारण पंचक्रोशीत फोन तेवढाच. मग चिठ्ठी दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात घालून खिसा वरून शिवून टाकला. महिपतीने ती काढून टाकायला नको म्हणून. वरती लाल दोऱ्याने फुली घातली, बघणाऱ्याच्या नजरेत यावी अशी.

आता त्या कोटाचं सांगायला हवं. त्या घरात दोन भावांची चूल एक, गोठा एक, गाडी एक आणि कोटही एकच. उल्हासनगरच्या बाजारात घेतलेला, जाड, खाकी. थंडीत जो बाहेर पडेल तो खुंटीवरून कोट काढायचा आणि अंगात घालायचा. तो कोट महिपतीचा, असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. चिठ्ठी शिवताना विठाच्या डोक्यात मात्र तो महिपतीचाच होता.

पौषातल्या एका पहाटे म्हैस अडली. पारडू आडवं आलं होतं आणि अशा वेळी हात घालून पारडू फिरवायचं ते महिपतीनेच, गावात दुसऱ्या कुणाला ते साधत नव्हतं. दूध तर जायलाच हवं. रघु म्हणाला, तू इथे थांब, मी जातो. त्याने कॅन चढवल्या, खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि तो गेला. इंदुबाईने त्याला जाताना चहा दिला, विठाने फाटकाची कडी काढली. दोघींपैकी एकीच्याही मनात काही आलं नाही.

ऊन अंगणात आलं तेव्हा कमळाकर धापा टाकत आला. हातात अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीने नंबर खरडलेला. अंगणात विठा एकटी होती. इंदुबाई गोठ्याच्या दाराशी शेण भरत होती. कमळाकरने कसंबसं सांगितलं की विठ्ठलवाडीजवळच्या एका नर्सिंग होममधून फोन आला, गाडीला कुत्रं आडवं आलं, महिपती पडलाय, मांडी मोडलीय, डोक्याला मार आहे, शुद्धीवर नाही, लगेच या.

पहाटे गाडीवर कोण गेलं होतं हेच त्या क्षणी विठा विसरली, नवऱ्याचं नाव तेवढं कानात राहिलं. तिने तोंडाला पदर लावला. आणि तेवढ्यात गोठ्यातून, कोपरापर्यंत हात भरलेले, कपाळावर घाम, महिपती बाहेर आला आणि म्हणाला, सुटली एकदाची, पारडी आहे.

विठा हसली. रडत रडत मोठ्याने हसली. चारचौघांत कधी नवऱ्याच्या जवळही उभी न राहणारी बाई, पण तिने त्याचा तो बरबटलेला हात धरला आणि गालाला लावला. देवा पावलास रे, देवा पावलास, असं म्हणत राहिली. तो आनंद तिच्या अंगात मावत नव्हता आणि त्याला लपवायचं तिला सुचलंही नाही.

मग तिची नजर इंदुबाईवर गेली. इंदुबाई शेणाचं टोपलं तसंच धरून उभी होती आणि विठाकडे बघत होती.

"मंग तिथं कोन हाय?" तिने विचारलं.

महिपती मटकन ओट्यावर बसला. आणि विठाच्या डोळ्यांपुढे लख्खकन ती चिठ्ठी उभी राहिली, डॉक्टरांच्या अक्षरातली शेवटची ओळ. पेनिसिलीन चालतं. खाली सही, शिक्का. मांडी मोडलीय, जखम उघडी असणार, आता ते सुई देणार. आणि त्यांना विचारायचीसुद्धा गरज नाही, कारण चिठ्ठीच सांगतेय की द्या.

तिने कमळाकरच्या हातून पुठ्ठा ओढला आणि पोल्ट्रीकडे धावत सुटली. मागे इंदुबाई धावली. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण विठाचा चेहरा बघून तिला कळलं की घरात फक्त हिला ठाऊक असलेलं काहीतरी बिनसलंय. शेताच्या बांधावरून धावताना विठाने तुटक तुटक सांगितलं. ती सुई, बाई. चिठ्ठीत लिहिलंय चालते म्हणून. ह्यांचं लिहिलंय. इंदुबाई नुसती धावत राहिली.

विठाने आयुष्यात फोन केला नव्हता. कमळाकरने नंबर फिरवून दिला. दोनदा एंगेज लागला. कोंबड्यांचा नुसता कलकलाट, काही ऐकू येईना. तिसऱ्यांदा लागला आणि पलीकडून एक सिस्टर बोलली, हिंदीतून, घाईत. विठाने सांगितलं की पेशंट महिपती नाही. सिस्टर म्हणाली, चिठ्ठीवर महिपतीच आहे, डॉक्टरची सही आहे, बाई, तुम्ही घाबरलाय, तुम्ही आधी इकडे या. ती फोन ठेवायला निघाली.

बघा आता. जी चिठ्ठी विठाने हट्टाने करून घेतली, जिच्यावर शिक्का मारून घेतला, ती तिच्यापेक्षा मोठी झाली होती. कागदापुढे बाईच्या आवाजाला कोण विचारतो? आणि चामटोलीच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराचं नाव घेत नाही. विठाने इतक्या वर्षांत कधी घेतलं नव्हतं. ती फोनमध्ये ओरडली.

"वो चिठ्ठी मैंनेच डाली है, सिस्टर. कोट दोनो भाई का है. अंदर जो आदमी है ना, वो रघु है, रघुनाथ. उसको पेनिसिलीन दिया तो वो मर जाएगा."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि धावत्या चपलांचा. विठा कानाला फोन लावून उभी राहिली. इंदुबाईने तिच्या पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं, शेणाच्या हातानेच. किती वेळ गेला देव जाणे. विठाने तेवढ्या वेळात गावच्या, माहेरच्या, अंबरनाथच्या शंकराच्या, सगळ्या देवांना नवस बोलून टाकले.

"सुई भर के रखा था," सिस्टर परत येऊन म्हणाली. तिलाही धाप लागली होती. "अभी दिया नहीं. दुसरा दवा देंगे. तुम लोग आ जाओ."

विठाने ते इंदुबाईला सांगितलं. इंदुबाईने पदर सोडला, मान हलवली आणि तिथेच अंड्यांच्या ट्रेंच्या ढिगाला टेकून बसली.

कमळाकरच्या अंड्यांच्या टेम्पोतून सगळे विठ्ठलवाडीला गेले. रघुची मांडी दोन ठिकाणी मोडली होती, डोक्याला टाके घातले होते. दुपार कलल्यावर त्याने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते म्हशीचं. महिपती त्याच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडला. जीव वाचला होता. बाकी काहीही झालं असलं तरी एवढं म्हणता येत होतं की जीव वाचला.

बाहेरच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. मध्ये सिस्टरने बांधून दिलेल्या कपड्यांचं गाठोडं. पोल्ट्रीपासून इथपर्यंत इंदुबाई विठाशी एक अक्षर बोलली नव्हती. चहा आणला तर घेतला, पाणी दिलं तर प्याली, पण बोलली नाही. विठाला ते सोसवेना. मारलं असतं तर बरं, शिव्या दिल्या असत्या तर बरं. शेवटी तिनेच तोंड उघडलं. म्हणाली, बाई, सकाळी मी तशी हसायला नको होतं, मला तुमचं भानच राहिलं नाही, माझ्या थोबाडीत मारा पण बोला.

इंदुबाईने गाठोड्याची सैल झालेली गाठ आवळली.

"हसलीस त्याचं काय नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुज्या जाग्यावर मी असते तर मीपन हसलेच असते. कुनीपन हसंल."

विठाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, सुटले. तिने इंदुबाईचा हात हातात घेतला. इंदुबाईने तो काढून घेतला नाही.

"मला लिवता येत नाय, इठा," ती तशीच शांतपणे म्हणाली. "पन आलं असतं ना, तर मी दोगांचं लिवलं असतं."

मग तिने हात सोडवला आणि नवऱ्याला पाणी पाजायला ती आत गेली.