आप्पांच्या फोटोखालची तारीख

आप्पांचा फोटो पाकिटावर नेमका कुठं चिकटवायचा, हे आप्पांनी स्वतः ठरवलं होतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, जिथं बारीक अक्षरांत तारीख छापलेली होती, बरोबर तिच्यावर. "फोटो म्होरं लावला की लोकांना जाहिरात वाटती," आप्पा म्हणाले, "मागं लावला की आपुलकी वाटती." अशी अक्कल असल्याशिवाय माणूस तीस वर्षं राजकारणात टिकत नाही.

सतीशला हे पटलं. आप्पांचं बोलणं त्याला पटायचंच, न पटण्याची सोय त्यानं ठेवलीच नव्हती. कासुर्डीला हायवेच्या कडेच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये बसून त्यानं एका दिवसात अडीचशे पाकिटांवर अडीचशे आप्पा चिकटवले. सगळे हसरे, हात जोडलेले, गळ्यात उपरणं घातलेले. पहिल्या आठ-दहा पाकिटांवरची तारीख त्यानं वाचली. मग वाचायचं सोडून दिलं, हात भराभर चालायला लागला.

पाकिटं होती शेवयांच्या खिरीची. शेवया, दुधाची पावडर, साखर, वेलची असं सगळं एकातच, नुसतं पाण्यात उकळायचं. आप्पांनी ती पंचायत समितीच्या निवडणुकीसाठी आणून ठेवली होती. पण निवडणूक आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता पुढं पुढं सरकत गेली आणि खीर बिचारी जागच्या जागी बसून राहिली. पत्र्याखाली तिनं दोन उन्हाळे काढले. निवडणुकीची चिन्हं दिसायला लागली तेव्हा खिरीची मुदत संपून पाच महिने झाले होते. माल फेकावा तर आप्पांचा जीव तुटत होता, ठेवावा तर उंदीर माजत होते. तेवढ्यात आप्पांचा वाढदिवस आला आणि गोरगरिबांचं तोंड गोड करावं, असा उदात्त विचार त्यांच्या मनात आला.

सतीश हा राहूच्या अलीकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतला. बारावी झालेला, बोलायला फर्डा, आप्पांच्या गाडीमागं मोटरसायकल पळवण्यात सात वर्षं घालवलेला. यंदा त्यांच्या भागातला पंचायत समितीचा गण राखीव झाला होता आणि आप्पांना राखीव जागेवर आपला माणूस हवा होता. आपला म्हणजे कुणाचा, हे सतीशनं कधी विचारलं नाही. आप्पा म्हणाले होते, "तिकीट तुलाच, सतीश. फकस्त वस्ती तुज्या मागं हाय, एवढं दिसू दे." सोमवारी पुण्यात नावं ठरायची होती. सतीशनं पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

शुक्रवारी घरटी दोन पाकिटं वाटून झाली. आणि शनिवारी घोटाळा झाला, तो रंगुबाईच्या चांगुलपणामुळं.

रंगुबाई म्हणजे वस्तीतली सत्तरीतली म्हातारी. तिनं खीर करायला एक पाकीट पातेल्यात रिकामं केलं, ते चुलीत घालावं म्हणून उलटं केलं, तर मागं आप्पा हसत होते. जित्या माणसाचा फोटो चुलीत कसा घालायचा? आप्पांच्या आयुष्याला धोका नको म्हणून तिनं बोट ओलं करून फोटो हळूच सोडवला, तर खाली तारीख. तिला अक्षरओळख नव्हती, पण झाकलेल्या गोष्टीची ओळख चांगली होती. ती पाकीट घेऊन शेजारच्या सम्राटकडं गेली. सम्राट कोरेगाव भीमाजवळच्या एका खाऊच्या कंपनीत पॅकिंगला होता, तारखा वाचणं हे त्याचं रोजचं काम. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "आजे, हे पाच महिन्यापूर्वीच संपलंय. चुलीवर नगं ठिवू."

अर्ध्या तासात वस्तीभर आप्पा सोलायला सुरुवात झाली. सोललेल्या आप्पांचं काय करायचं, हा प्रश्नच होता. टाकवत नव्हते, ठेववत नव्हते. शेवटी बायकांनी ते हापशाला चिकटवले. संध्याकाळी हापशावर दाटीवाटीनं सतरा आप्पा हात जोडून उभे होते, आणि कुणीतरी त्याचाच फोटो काढून तालुक्यातल्या ग्रुपवर टाकला.

रविवारी सकाळी विहारासमोर बैठक बसली. विषय एकच. खीर खावी का न खावी? सोमवारसाठी ठेवलेला पांढरा शर्ट आजच घालून सतीश मधोमध उभा राहिला. त्याची बायको माया पोरीला घेऊन बायकांत बसली होती. सतीशनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"जय भीम," तो म्हणाला. "काय हाय, आपल्यात गैरसमज लई लौकर पसरतो. ती तारीख पाकिटाची असती, मालाची न्हाई. पाकीट जुनं झालं म्हणून आतली शेवई म्हातारी होती व्हय?"

लोक हसले. सतीशला वाटलं, बाजी मारली.

"माज्या कोंबडीला घातली व्हती," एक बाई म्हणाली. "मजेत हाय कोंबडी."

"कोंबडी उकिरड्यावरचं बी खाती," रंगुबाई म्हणाली. "तिच्या पोटाचा दाखला आपल्याला कशाला?"

मग कोंडिबा उठले. ते वस्तीतले सगळ्यांत वयस्कर, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. "बहात्तरच्या दुष्काळात आमी अमेरिकेचा लाल मिलो जोंधळा खाल्ला, सरकारी सुकडी खाल्ली. जनावरं तोंड लावत न्हवती असलं बी खाल्लं. त्याच्यावर कुठं तारीख व्हती? मेलो का आमी?"

"बघा!" सतीश टाळी वाजवत म्हणाला. "ही जुनी हाडं. ह्या तारखा शहरातल्या नाजूक पोटांसाठी असत्यात."

"कोंडिबा, तवा दुसरं काय मिळत न्हवतं म्हणून खाल्लं," रंगुबाई म्हणाली. "आता काय दुष्काळ पडलाय? आता कशापायी खायाचं? आप्पांचा वाढदिस हाय म्हणून?"

कोंडिबा खाली बसले.

सम्राटनं पाकीट हातात घेऊन समजावलं. तो चिडलेला नव्हता, हीच मोठी अडचण होती. "दादा, बिस्किटाच्या पुड्यावर 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असं असतं. ते चार दिस मागंफुडं झालं तर मऊ पडंल, बाकी काय न्हाई. ह्याच्यावर 'ह्या तारखेच्या आत वापरा' असंच लिवलंय. आन् आत दुधाची पावडर हाय, दोन उन्हाळे पत्र्याखाली तापलेली. हे बघा, पाकीट फुगलंय. पावडरीच्या गुठळ्या झाल्यात, खवट वास मारतोय. मोठ्या माणसाला कदाचित काय व्हनार बी न्हाई. पण बारकी पोरं आन् म्हातारी माणसं, त्यांना जुलाब-उलट्या लागल्या तर रात्री दौंडला न्यायाला गाडी कोण देणार?"

"आप्पा देत्याल!" सतीश बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला लोकांच्या तोंडाकडं बघून कळलं.

"एक इचारू?" सम्राट म्हणाला. "गावठाणात काय वाटलं?"

गावठाणात ताजे पेढे वाटले होते. सतीशनंच टेम्पोतून उतरवले होते. "तिकडचं वेगळं हाय," तो म्हणाला. वेगळं कसं, हे सांगायची गरज नव्हती, ज्यांना सांगायचं त्यांना ते जन्मापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. सतीश चिंचेच्या झाडामागं गेला. पलीकडून आप्पांनी आवाज चढवलेला नव्हता, ते प्रेमानं बोलत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सतीश, हापशावर माजे सतरा फोटो हायती म्हनं. तालुका हसतोय. उद्या पुण्यात मी कुणाचं नाव घेऊ?"

"आप्पा, मिटवतो."

"तोंडानं मिटवू नगं. खीर शिजीव. वस्तीसमोर शिजीव, सोता खा, पोराबाळांना खाऊ घाल, आन् त्याचा व्हिडिओ मला पायजे. तासाभरात." आप्पा उंटावरून शेळ्या हाकण्यात वाकबगार होते, आणि या खेपेला ते उंटासकट शिरूरच्या एका सत्कारात पेढे खात बसले होते.

सतीशनं मनाशी हिशेब जुळवला. एका वाटीनं काय होतंय? सम्राट तर म्हणालाच, कदाचित काही होणार नाही. उद्या आपण निवडून आलो की वस्तीचा रस्ता होईल, गटार होईल, मग आजची एक वाटी कुणाच्या लक्षात राहणार? लोकांच्या भल्यासाठीच लोकांना खीर पाजायची, असं त्यानं स्वतःला पटवलं. सात वर्षं आप्पांचं पटवून घेतल्यावर स्वतःचं पटायला त्याला अवघड गेलं नाही.

तीन दगडांची चूल मांडली, विहारातलं मोठं पातेलं आणलं. सतीशनं दहा पाकिटं फोडली. वाफेबरोबर खवट वास वर आला, तेव्हा त्यानं घरून वेलदोड्याची डबी मागवली आणि सगळीच्या सगळी उपडी केली. वरनं साखर ओतली. आता खिरीला नुसता वेलदोड्याचा वास येत होता, इतका की जवळ उभं राहवत नव्हतं. आपला मोबाईल त्यानं मायाच्या हातात दिला.

"सगळं घे," तो म्हणाला. "मदी थांबू नगं."

"सगळं घेते," माया म्हणाली.

सतीश मोबाईलकडं बघून हसला. वाटी फुंकून तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी केली. घशाशी काहीतरी कडवट आलं, ते त्यानं हसण्याबरोबरच गिळलं. "फसकलास!" तो म्हणाला. "बघा, काय झालं मला? काय लोक अफवा उठिवत्यात! आप्पांनी प्रेमानं दिलेला घास हाय ह्यो."

माणसाचं मन विचित्र असतं. तारीख वाचलेली, वास घेतलेला, सम्राटचं ऐकलेलं, तरी समोर एक माणूस खाऊन ताठ उभा राहिला की सगळं ज्ञान डळमळायला लागतं. आपलाच पोरगा खातोय म्हटल्यावर आपण कशाला संशय घ्यायचा? शिवाय उद्या दाखला लागला, घरकुलावर सही लागली तर आप्पांच्याच दारात जायचं होतं. कोंडिबांनी आधी वाटी घेतली. मग दोन-चार बायका पुढं झाल्या. सम्राट म्हणाला, "खाऊ नका, मी सांगतोय." पण तो कंपनीत पाकिटं बांधणारा, आणि सतीश उद्याचा मेंबर.

"पोरांनू, या!" सतीशनं हाक मारली. आप्पांनी पोराबाळांचं बजावून सांगितलं होतं. पोरं धावली. त्यानं एकेकाच्या हातात वाटी दिली, गालाला हात लावला, मायाकडं बघून मान हलवली, घेतीयेस ना? रंगुबाईची नात सृष्टी सगळ्यांत पुढं होती. तिच्या वाटीत त्यानं दोन डाव घातले, व्हिडिओत भरलेली वाटी चांगली दिसते म्हणून. खीर गरम होती. पोरं फुंकर मारत उभी राहिली.

"आता सगळ्यांनी एकदम," सतीश म्हणाला. "मोबाईलकडं बघा. एक... दोन..."

तेवढ्यात त्याला प्राची दिसली. ती त्याची पाच वर्षांची पोर. मायाजवळ बसलेली कधी उठली, रांगेच्या मागच्या टोकाला कधी गेली आणि कुणी तिच्या हातात वाटी दिली, त्याला कळलंच नाही. तिनं वाटी ओठाला लावली होती.

सतीश तीन ढांगांत तिथं पोचला. फटक्यासरशी वाटी उडाली, खीर त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडली, आणि तो ओरडला, "थुक! थुक आधी! गिळलीस का? बोट घाल, ओक!"

प्राचीनं गिळली नव्हती. ती घाबरून रडायला लागली, आणि रडता रडता तिनं विचारलं, "पप्पा, मग सृष्टीला का दिली?"

रंगुबाई उठली. तिनं सृष्टीच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पातेल्यात ओतली. मग दुसरी बाई उठली, मग तिसरी. एकेक वाटी पातेल्यात परत गेली. कोंडिबांनी आपली वाटी पातेल्याजवळ ठेवली आणि सतीशकडं न बघता ते घराकडं चालायला लागले. सतीशला वाटत होतं, कुणीतरी आईवरनं शिवी घालावी, कुणीतरी कॉलर धरावी. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली, आणि ती कुठं लपवावी ते कळेना. कुणी त्याच्या अंगाला हातसुद्धा लावला नाही.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच रंगुबाई पुटपुटली. तिनं सृष्टीचं बोट धरलं.

मायानं रेकॉर्डिंग बंद केलं. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिनं सतीशकडं बघितलं. त्यानं हात पुढं केला नाही, तेव्हा तिनंच उचलला आणि स्पीकर लावला.

"झाला का व्हिडिओ?" आप्पांनी विचारलं.

"झाला, आप्पा. मी माया बोलते."

"आगं वा! सतीशनं खाल्ली न्हवं? पोरं आली का त्यात?"

"पोरं आली, सतीश बी आलेत. सगळं आलंय. ग्रुपवर टाकू?"

"टाक की! तालुक्याच्या ग्रुपवर टाक."

"काय कापू का मदनं?"

"अजाबात न्हाई!" आप्पा खूश झाले होते. "जसाच्या तसा टाक. लोकांना खरं वाटलं पायजे."

"व्हय, आप्पा," माया म्हणाली, आणि तिनं टाकला.