दाजी कुबलांची निशाणी

दाजी कुबलांनी बोटाची खळ भिंतीला पुसली, दोन पावलं मागे सरकून आपल्या निशाणीकडे पाहिलं आणि खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. वरच्या वाडीच्या पाणंदीच्या तोंडाला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर होडी झकास डकली होती.

दाजींचा स्वतःच्या मालकीचा मचवा कौलं नि काजू घेऊन वेंगुर्ल्यापर्यंत जात असे. गावाला धक्का नव्हता, म्हणून सगळा माल हमालांच्या डोक्यावरून कमरभर पाण्यातून चढवावा-उतरवावा लागे. धक्का व्हावा एवढ्यासाठीच दाजी ग्रामपंचायतीला उभे होते. भाषणात ते ‘गावाचं भलं’ म्हणत. गावाचं भलं आणि आपला मचवा यांत त्यांना कधी फरक दिसला नव्हता, आणि यात लबाडी काही नव्हती; खरोखरच दिसला नव्हता.

चित्र भिकाजीचं. गणपतीचे डोळे आखावेत तर भिकाजीनेच, असं तालुकाभर बोललं जाई; होडी मात्र तो जन्मात पहिल्यांदा काढत होता. खाली लांबट नाव, तिच्या एका टोकातून वर चढून बाकदार झालेलं शीड आणि शिडाच्या शेंड्याला टेकलेला उगवता सूर्य. सूर्य कुणी मागितला नव्हता. उगवत्या सूर्याने माणूस निवडून येतो, असं भिकाजीचं मत पडलं. किरणं त्याने सूर्याभोवती बारीक आणि एकसारखी काढली होती. उमेदवारांच्या वेगवेगळ्या मतपेट्यांवर डकवायची चित्रंही पंचायतीने त्याच्याकडूनच करून घेतली होती.

इतक्यात पाणंदीतून डोक्यावर कळशा घेतलेल्या बायका वर आल्या. पुढे मथुरा. वरच्या वाडीत तिचा शब्द मोडायची कुणा बाप्याची टाप नव्हती. ती चित्रासमोर थांबली.

“आडाळो,” ती म्हणाली.

म्हणजे खोबरं खवायची विळी. डोक्यावर भरलेली कळशी असताना मान जेवढी हलवता येते, तेवढी मागच्या बायकांनी हलवली.

दाजींनी मोठ्या समजूतदारपणे तोंड उघडलं, पण मथुरा थांबणाऱ्यांपैकी नव्हती. बापये उभे राहतात ते छत्री घेऊन नाहीतर घोड्यावर बसून. चुलीकडचा जिन्नस घेऊन उभा राहिलेला बापयो आपण आजच बघतोय, असं तिने मागच्या बायकांना ऐकवलं. मग ती दाजींकडे वळली.

“बरा केलात, दाजीनू. बायलांचा दुःख कोणाक तरी दिसला. आता वाडयेत एक विहीर तेवढी बघा.”

मचवा हाकणारा तांडेल लवू प्रचाराला बरोबर आला होता. त्याने दाजींच्या पायावर पाय ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. किनाऱ्याची मतं दाजी आणि छत्रीवाला बाबली यांच्यात अर्धीअर्धी फाटली होती. वरची वाडी जिकडे झुकेल तो येणार, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं.

तरी दाजी होडीला होडी म्हणणार होते. जोर यावा म्हणून त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं. खाली बसायचा पाट होता. पाटातून वाकडं पातं वर गेलं होतं, आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी. त्यांनी डोळे चोळून पाहिलं. क्षितिजावरचा ठिपका बघून ‘ह्यां शीड अमक्याचा’ म्हणून सांगणारे दाजी हातभर अंतरावरची आपली होडी शोधत राहिले. ती काही सापडेना.

“बघूया,” ते म्हणाले.

बायका गेल्यावर लवूने पाय काढला. आडाळो तर आडाळो, मत पेटीत पडल्याशी मतलब. आपली ती होडीच, असं तो वाटभर सांगत होता. दाजी ऐकत नव्हते. समोरून कळशा येत होत्या, त्यांच्यामागून आणखी कळशा. या पाणंदीने ते आयुष्यभर गेले-आले होते, पण आजवर त्यांना इथे नुसती वाट दिसली होती.

घरी बायको आनंदी नारळ खवत बसली होती. दाजींनी उरलेलं एक चित्र तिच्यापुढे धरलं आणि हे काय म्हणून विचारलं.

“आडाळो.”

“होडी दिसणा नाय?”

तिने खवण्याचा हात थांबवून पाहिलं.

“दिसता. तुमी सांगितल्यार दिसता.” पुन्हा खवायला लागत ती म्हणाली, “पण माका खंय होडयेत बसूचा आसा?”

दाजी निवडून आले, आणि असे आले की बाबलीने छत्री महिनाभर उघडली नाही.

पहिल्या सभेला सरकारी मदत एकाच कामापुरती आहे, असं सांगण्यात आलं. किनाऱ्यावरची मंडळी मागे भिंतीला टेकून निवांत बसली होती. धक्का झाल्यातच जमा होता. दाजी उठले. कचेरीत बोलायची शुद्ध भाषा काढून त्यांनी, वरच्या वाडीत विहीर व्हावी, असा ठराव मांडला आणि खाली बसले.

मागची मंडळी भिंतीपासून सरळ झाली. मग लवू उभा राहिला.

“दाजीनू, लोकांनी मत होडयेक दिल्यानी.”

दाजींनी कचेरीच्या भिंतीवर अजून डकलेल्या आपल्या निशाणीकडे हात केला. आवाज तोच होता, ज्या आवाजात ते महिनाभर धक्का धक्का करत फिरले होते.

“ती होडी आहे, असं तुला कोण म्हणालं? नीट बघ.”

लवू पुढे आला. चित्राजवळ गेला, मागे झाला, पुन्हा जवळ गेला. किनाऱ्याची सगळी माणसं त्याच्या पाठीकडे बघत होती. त्याने एक बोट उचललं, पात्यावरून हवेतच फिरवत शेंड्यापर्यंत नेलं, आणि तिथे ते थांबलं.

“दात वायच बोथट काढल्यान भिकाजीन,” तो म्हणाला.