डावीकडे जाणारी गाडी

साईशने स्टिअरिंग सरळ धरलं होतं. निदान तशी त्याची खात्री होती, आणि ती खात्री कायम असतानाच गाडी बांधावरून डावीकडे उतरली, आईच्या अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, वाफ्यात शिरली आणि तिथे, योग्य ठिकाणी पोचल्यासारखी, शांतपणे उभी राहिली.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक उभं होतं. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत गाडी शेंगांत गेली, की विकणाऱ्याला काहीतरी बोलणं भाग असतं.

"ब्रेक बघत होतो," साईश म्हणाला.

"ब्रेक झकास हाय की," अनिल म्हणाला. "शेंगांत बरोबर थांबली."

अनिल मूळचा बेळगावकडचा. हरमलच्या एका रिसॉर्टवर गोल्फच्या गाड्यांची देखभाल करायचा, आणि रिसॉर्टांनी टाकलेल्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकायचा. साईशची गाडीही तशाच एका रिसॉर्टची. समुद्रकाठी चालायला म्हणून येणाऱ्या पाहुण्यांना फाटकापासून खोलीपर्यंत चालावं लागू नये, एवढ्यासाठी ती तिथे होती. गोल्फ तिनेही पाहिला नव्हता.

साईशने ती आणली ती आईसाठी. कमलाक्षीचे गुडघे गेले होते, आणि घरामागच्या डोंगरावर काजूची बाग होती. झाडं तिने आणि सगुणने, म्हणजे साईशच्या वडलांनी, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी लावलेली. हंगामात बोंडू गोळा करायला बाया यायच्या. पण कुठल्या झाडाखालचं आधी उचलायचं हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही, अशी कमलाक्षीची समजूत होती. बायांची समजूत वेगळी होती, पण त्या बोलत नसत.

गाडी आली, आणि पहिल्याच दिवशी डोंगराच्या वाटेवर तिचं पोट दगडाला घासलं. साईश तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मशीन चालवायचा. लोखंडाला तो घाबरणारा नव्हता. त्याने गाडी उंच करायचं सामान मागवलं, मोठी चाकं मागवली, आणि रविवारमागून रविवार अंगणात उताणा पडून काम केलं. शेवटी गाडी उभी राहिली ती अशी, की शेजारची शांताकाकी म्हणाली, आता हिच्यात चढायला शिडी कोण देणार. कमलाक्षीने गाडीला ओवाळलं. सगुणने नारळ फोडला, वाकून गाडीखाली बराच वेळ पाहिलं आणि सरळ होत म्हणाला,

"बरी उचललंस."

सगुण पेडणे-म्हापसा रस्त्यावर जन्मभर दुसऱ्याची बस चालवत आला होता. मालकाने नवी कोरी बस आणली, तेव्हा सगळा गाव बघायला जमला आणि सगुण एवढंच म्हणाला होता, "चलता." तेव्हा "बरी" हा शब्द त्या घरात काय मोलाचा होता, हे वेगळं सांगायला नको. साईशने त्या रात्री मुलीला, सिद्धीला, ती गोष्ट दोनदा सांगितली, आणि बायकोने तिसऱ्यांदा ऐकायचं नाकारलं.

मग गाडी नाचू लागली.

साईश दिवसभर कारखान्यात. त्याला ते इतरांकडून कळलं. तुझो बापूस गाडी नाचयता रे, असं तिठ्यावर कुणी म्हणालं. एका सुट्टीला तो मागच्या सीटवर बसून डोंगरावर गेला. वडलांचे हात एक क्षण स्वस्थ नव्हते. उजवीकडे जरा, डावीकडे जरा, पुन्हा उजवीकडे. ताक घुसळावं तसं चाललेलं. बाजूला आई सबंध वाट उजवीकडे कलून बसली होती. बिचारी घाबरलीय, असं त्याला वाटलं.

"बाबा, गाडी अशी कित्या जाता?"

"हात," सगुण म्हणाला. "हात आता पयल्यासारखे रवले नाय."

हेच तो शेजाऱ्यांना सांगायचा. हेच त्याने डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, सगुणने त्या नेमाने घेतल्या, आणि गाडी नेमाने डावीकडे जात राहिली.

वाटेच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल व्हाळ, ओढ्याची घळ. साईशला झोप येईना. गाडी विकायची, डोंगर यंदापासून दुसऱ्या कुणाला करायला द्यायचा, आणि आईबाबांनी घरी बसायचं, असं त्याने ठरवलं. ठरवल्यावर आईच्या समाधानासाठी देवळात जाऊन कौलही लावला. भटजींनी देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं: गाडी विकूची असली तर उजवी दी, नाय तर डावी दी. अर्धा तास झाला. एकही पाकळी पडेना. देव विचार करता, असं भटजी म्हणाले. साईशने पंचायतीच्या बैठका पाहिल्या होत्या. हरकत आली नाही म्हणजे ठराव मंजूर, असं धरून तो घरी आला.

"वीक," विकायचं ऐकून सगुण म्हणाला होता. एवढंच. कमलाक्षी आत गेली आणि डोंगरावर न्यायची कोयती धुऊन, पुसून, माळ्यावर ठेवायला म्हणून उगाच स्टूल शोधत बसली. तिला स्टुलावर चढता येत नव्हतं. कोयती चुलीपाशीच राहिली.

तर आता गाडी शेंगांत होती. अनिलने ती मागे घेतली, बांधावर आणली आणि स्वतः चालवून बघतो म्हणाला. तो डावीकडे गेला नाही. गाडी डावीकडे ओढते एवढं त्याने पाहिलंच होतं, म्हणून त्याने उजवीकडे जोर दिला, आणि तो उजवीकडच्या मिरच्यांत गेला.

तो उतरला. गाडीसमोर उकिडवा बसला. एक चाक हाताने धरून हलवलं, मग दुसरं.

"कोण चालवत होतं ओ ही?"

"बाबा."

"कुठं?"

साईशने डोंगराकडे हात केला. अनिलने ती वाट खालपासून वरपर्यंत पाहिली. कातळ पाहिला, व्हाळ पाहिला.

"रोज?"

"रोज. आईला घेऊन."

तंबाखू मळायला काढलेली पुडी अनिलने पुन्हा खिशात ठेवली.

तोवर घरातून दोघं आली. पुढे कमलाक्षी, काठी टेकत, मागे सगुण.

"अळसांद्यांत कोण गेलो?" कमलाक्षीने विचारलं.

"मी," साईश म्हणाला.

"आणि मिरसांगांत?"

"मी ओ, काकी," अनिल म्हणाला.

"तू पाहुणो," ती म्हणाली, आणि मुलाकडे बघत राहिली.

"काका," अनिल म्हणाला, "एकदा चालवून दाखवता? त्या आंब्यापर्यंत. काकी पण बसू देत, रोजच्यासारख्या."

सगुणने आधी साईशकडे पाहिलं. "कित्याक? विकूची ना मगे?"

"दाखवा की. बघू दे मला."

सगुण चढला. कमलाक्षीला त्याने हात देऊन वर घेतलं. ती बसली आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच उजवीकडे कलली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कामाला लागलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच काहीसं होतं. गाडी निघाली. बांधाच्या बरोबर मधून, ओळंबा लावल्यासारखी, आंब्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

साईश बांधावर उभा होता. आजवर त्याने वडलांचे हात पाहिले होते; आज अनिलशेजारी उभा असल्यामुळे तो पहिल्यांदाच चाकांकडे पाहत होता. पुढची दोन्ही चाकं, जबर भांडण झालेल्या जावांसारखी, एक इकडे तर एक तिकडे तोंड करून चालली होती. कधी हिचं चाले, कधी तिचं. आणि वडलांचे हात चाकांच्या मागून जात नव्हते. चाक वळायच्या अंमळ आधी ते तिथे पोचलेले असत.

"मी रिसॉर्टवर इतक्या गाड्या चालवल्या," अनिल हलक्या आवाजात म्हणाला, "पण ही गाडी मी डोंगरावर न्हेली नसती. पन्नास पावलं पण न्हाई. तुमचे वडील काय करत होते?"

"बस चालवत होते."

"हां," अनिल म्हणाला. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "हां."

त्याने आपल्या मोटरसायकलवरची पिशवी आणली. घ्यायचं, न घ्यायचं मागाहून बघू म्हणाला. आधी हे बघू दे, न्हाईतर मला रात्री झोप यायची न्हाई. मग बायकोही तक्रार करते.

त्याने पुढचा भाग जॅकवर उचलला, खडूने दोन्ही चाकांवर मधोमध खुणा केल्या आणि टेपचं एक टोक साईशच्या हातात दिलं. खुणांमधलं अंतर आधी चाकांच्या पुढून मोजलं, मग चाकं अर्धी फिरवून मागून मोजलं. पुढून ते चांगलं दोन बोटं जास्त भरलं.

"फाकल्यात," अनिल म्हणाला. "गाडी उचलली की हे चाकांना धरणारे दांडे तिरके होतात, चाकं बाहेर तोंड काढतात. उचलून झाल्यावर दांड्यांची लांबी परत लावायला लागतीय. किटच्या कागदावर ते बारीक अक्षरात असतंय. कोण वाचत न्हाई."

साईशने तो कागद वाचला होता. बारीक अक्षर सोडून.

अनिलने दांड्यावरचे नट सैल केले. सैल करताना त्याला दोनदा पाय रोवावा लागला. दांडा फिरवला, मोजलं, पुन्हा फिरवला, पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा केसभर कमी आल्यावर तो थांबला. एक सांधा झिजलेला निघाला. तो पिशवीतूनच बदलला. चाकांत हवा दगडासारखी भरलेली होती, ती थोडी सोडली. सगुण हे सगळं उभ्याने बघत होता. मध्येच एकदा त्याने, कुणाच्या लक्षात येऊ नये असा, उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरला. साईशच्या लक्षात आलं. रोज संध्याकाळी आई त्या खांद्याला तेल चोळायची, आणि घरात सगळे म्हणायचे, वय झालं.

"बसा, काका."

सगुण बसला. गाडी निघाली आणि दहा-बारा हातांवर सरळ मिरच्यांकडे वळली. त्याने ती आवरली, तर ती अळसांद्यांकडे निघाली. कमलाक्षी सवयीने उजवीकडे कलली, मग सावरून डावीकडे कलली, आणि शेवटी दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरून म्हणाली,

"गे बाय, आता ह्यांका खरांच कायतरी झालां."

सगुणने गाडी थांबवली. हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं पाहिलं. "ह्यांका सांगूक व्हया," तो म्हणाला. मग पुन्हा स्टिअरिंगला हात लावला. धरलं नाही, नुसता लावला. गाडी सरळ गेली. आंब्यापाशी वळून सरळ परत आली.

"कशी हाय?" अनिलने विचारलं.

"चलता," सगुण म्हणाला.

अनिल शेवटचे नट आवळायला पुन्हा खाली बसला. साईश बाजूला उकिडवा बसून त्याला पान्हे देत होता.

"एक विचारू?" अनिल गाडीखालून म्हणाला. "ही उचलली कुणी?"

साईशने तोंड उघडलं.

"म्हापशाक एक मेकॅनिक होतो," सगुण म्हणाला.

गाडीखालचा पान्हा थांबला. "होता म्हणजे?"

"वारलो."

कमलाक्षीने पदराचं टोक ओठांवर धरलं. ते दुःखाने, असं अनिलने समजावं, इतपत ती खाली बघत होती.

"अरेरे," अनिल म्हणाला. "मेलेल्याबद्दल बोलू नये, पण चाकं लावायची विसरला की ओ."

"विसरलो आसतलो," सगुण म्हणाला. "पण काम मन लावन करी. घाई नाय, गडबड नाय. रविवारचो पण करी."

"नट लई जबर आवळल्यात. त्यात खोट न्हाई."

"तां आसा. हातांत गुण होतो तेच्या." मुलाकडे सगुणने पाहिलं नाही. "गाडी त्याणे बरी उचलली."

साईशच्या हातातला पान्हा अनिलने दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा कुठे त्याने तो दिला.

अनिल बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. "मग, दादा? मी घ्यायला आलतो. विकायची हाय न्हवं?"

"नाय," मयत मेकॅनिक म्हणाला.