ड्रिल मशीनवरचा अंगारा

परतवाड्याचा बुवा आला त्या दिवशी आमच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलचे सुटे भाग करणारा आमचा लहानसा कारखाना, पण शेजारच्या चार शेडमधली माणसंही काम टाकून आली होती. आमच्या ड्रिल मशीनला म्हणे बाधा झाली होती. तिचा चक, म्हणजे ड्रिल धरणारा जबडा, भोक पाडता पाडता गळून पडायचा. पंधरा दिवसांत चारदा पडला. चौथ्यांदा मायाच्या बोटावर पडला आणि नख काळंनिळं झालं.

माया दसऱ्यानंतर कामाला लागलेली. आयटीआय शिकलेली, आमच्या शेडमध्ये मशीन चालवणारी पहिलीच बाई. मग काय, खापर फोडायला डोकं आयतंच होतं.

बुवाने डोळे मिटून सांगितलं, की यंत्रात शक्ती असते आणि या शक्तीला बाईचा हात सोसत नाही. नागपुरातली बंद लिफ्ट आपण नुसत्या फुंकरीने वर नेली म्हणाला. त्याची स्वतःची जीप परतवाड्याहून येताना दोनदा बंद पडली होती, ते कोणी मनावर घेतलं नाही. त्याने चक उतरवला, चक ज्यात बसतो त्या वरच्या भोकात अंगारा चोळला, चकच्या निमुळत्या दांड्यालाही फासला आणि चक परत बसवला. मशीन सुरू केली. धडाधड पाच भोकं पडली, चक जागचा हलला नाही. लोकांनी हात जोडले. आमचे मालक रामराव मायाला म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

मी, भगवंतराव, या शेडचा सर्वांत जुना मिस्त्री, मान खाली घालून उभा होतो. मला सगळं माहीत होतं.

खंडेनवमीला आम्ही मशिनी धुऊनपुसून पुजतो. या ड्रिलने वीस वर्षं मला भाकर दिली, म्हणून यंदा मी भक्तिभावाने तिचा चकही उतरवला आणि दांड्याला, वरच्या भोकात, खोबरेल तेल नि कुंकू लावलं. वास्तविक हा निमुळता दांडा नुसत्या कोरड्या पकडीवर टिकतो. त्याला तेल लागलं की तो सुटणारच. पहिल्यांदा चक पडला तेव्हाच मला आठवलं. पण वीस वर्षांचा मिस्त्री आणि ही चूक? लोक हसतील म्हणून मी गिळून बसलो.

माया रडली नाही. जाण्याआधी फक्त एकदा चक काढू द्या म्हणाली. मशीन बंद करून, पाचर ठोकून तिने चक उतरवला. बोटाला पांढरं फडकं गुंडाळून वरच्या भोकात फिरवलं. फडकं लाल, तेलकट, राखेने माखलेलं निघालं.

"हे कुंकू कोनं लावलं?"

मी एक पाऊल पुढे आलो.

"म्या लावलं," मी म्हणालो.

मग मीच सगळं सांगितलं. राख तेल शोषून घेते, हे भांडी घासणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. बुवाचा चमत्कार तेवढाच. मायाने रॉकेलने दोन्ही बाजू पुसल्या, कोरड्या केल्या, चक बसवून लाकडी हातोडीची एक थाप दिली. चाळीस भोकं पाडली. बुवा केव्हा सटकला, कोणाला कळलं नाही. रामरावांनी सर्वांसमोर आपले शब्द मागे घेतले.

माया माझ्याजवळ आली.

"काका, तुमाले कवापासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"माह्या बोटावर पडला, तवाबी?"

मी हो म्हणालो. ती मशीनकडे वळली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनो, मशीन पुजायची तर खुशाल पुजा, पण बिघडली तर आधी उघडून पाहा. आणि कारण ठाऊक असेल तर त्याच दिवशी सांगा. मी पंधरा दिवस गप्प बसलो, त्याची शिक्षा एका निर्दोष पोरीच्या बोटाने भोगली.