चांगुणाताईंची सरावाची गोळी

गोळी म्हटलं की मित्रांनो, तुम्हाला धडाडकन होणारा आवाज आठवत असेल. माझ्यातून तसा आवाज कधीच निघाला नाही. मी रायफलच्या सरावाची गोळी आहे. लोक मला खोटी गोळी म्हणतात. आता म्हातारी झाले आहे आणि हिंगोलीत एका पत्र्याच्या डबीत माझा मुक्काम आहे. माझी गोष्ट फार सुखाची नाही, पण ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझं पितळी अंग एका खऱ्या गोळीचं आहे. ती गोळी उडाली, तिचं टोक समोरच्या टेकाडात शिरलं आणि रिकामं पितळ मागे उरलं. पोलिसांच्या शस्त्रागारात मुजाहिदभाई नावाचे कारागीर होते. त्यांनी ते पितळ घासून पुसून साफ केलं, त्याला नवं टोक बसवलं, पण पोटात दारू भरली नाही. खऱ्या गोळीच्या बुडाशी जिथे पिनेचा ठोका बसतो, तिथे त्यांनी रबराचा तुकडा बसवला. शेवटी मला लाल रंग दिला. लाल म्हणजे खोटी, हे पाहताक्षणी कळलं पाहिजे, असं ते म्हणत.

त्यांनी मला चांगुणाताईंच्या हातात दिलं. चांगुणाताई पोलिसात हवालदार होत्या, हट्टा गावच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. तरुणपणी रायफलच्या स्पर्धांत त्यांनी बरीच पदकं मिळवली होती आणि आता त्या नव्या मुलींना नेमबाजी शिकवत होत्या. त्यांची सगळ्यात आवडती शिष्या गुलनाज. आखाडा बाळापूरच्या चाँद पाशांची ही मुलगी. चाँद पाशा कापूस पिंजून गाद्या भरत. पोरगी भरती झाली तेव्हा त्यांनी ताईंना एक जाड गादी भेट दिली होती, आणि ताई कौतुकाने सांगत की तिच्यावर झोपलं की सकाळी उठवत नाही.

गुलनाजचा नेम पहिल्यापासून चांगला होता. सावकाश झाडायला सांगितलं तर ती ठिपक्यावर ठिपका ठेवी. घोडं अडत होतं ते जलद फेरीत. या फेरीत एका मिनिटात दहा गोळ्या झाडायच्या असतात. दोन मॅगझीनमध्ये, म्हणजे रायफलला खालून चढवायच्या डब्यांमध्ये, पाच-पाच गोळ्या आधीच भरून ठेवायच्या. रायफल मात्र रिकामी, उघडी, जमिनीवर. ‘भर’ असा हुकूम येईपर्यंत तिला बोट लावायचं नाही. हुकूम आला की पहिलं मॅगझीन चढवायचं आणि समोर निशाण उभं राहिलं की सुरू. पाच झाल्या की नजर निशाणावरून न काढता रिकामं मॅगझीन उतरवायचं, दुसरं चढवायचं, गोळी आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, ओढायचा आणि उरलेल्या पाच. गुलनाज नेमकी इथे गडबडायची. मॅगझीन तिरकं बसायचं, नाहीतर हातातून निसटायचं.

मग माझं काम सुरू झालं. ताई मला आणि माझ्यासारख्या इतर लाल गोळ्यांना तिच्यापुढे ठेवत आणि भरायला लावत. भर, उतरव, पुन्हा भर. डोळ्यांना रुमाल बांधून भर. गुलनाजचे अंगठे सोलून निघायचे, पण तिने कधी कुरकुर केली नाही. काही दिवस ताई खऱ्या गोळ्यांच्या मध्ये मला गुपचूप सरकवून ठेवत. गुलनाज घोडा दाबे आणि आवाजाऐवजी नुसतं टक् होई. त्या क्षणी रायफलचं तोंड खाली झुकलं की ताईंना कळे, पोरगी आवाजाला भिऊन आधीच अंग चोरते आहे. हळूहळू ते झुकणं थांबलं. मी टक् केलं की गुलनाज पापणीही न हलवता बोल्ट ओढून मला बाहेर फेकायची आणि पुढची गोळी झाडायची. मी मातीत पडून राहायचे, पण मला त्याचा अभिमान वाटायचा.

इतक्या हातांतून फिरून माझा रंग उडायला लागला. आधी कडांवरचा गेला, मग सगळाच. मुजाहिदभाई तोवर निवृत्त झाले होते. ‘रंग देऊन घेऊ एकदा,’ असं ताई म्हणत आणि राहून जाई. मी आता खऱ्या गोळीसारखीच पिवळी दिसत होते. मला तेव्हा ते आवडलंही होतं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास मला आणखी एक गोष्ट कळली होती, जी मैदानावर दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. ताई मला डोळ्यांनी ओळखत नव्हत्या. माझ्या बुडाशी असलेल्या रबरावरून अंगठा फिरवून ओळखत होत्या. लांबच्या निशाणावर गोळी कुठे लागली हे त्या दुर्बिणीतून पाहिल्यासारखं करत आणि शेजारी उभ्या असलेल्या शितल नावाच्या शिष्येला सहज विचारल्यासारखं विचारून घेत. साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांपासून होता. तो डोळ्यांत उतरला होता. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं.

मग स्पर्धेचा दिवस आला. स्पर्धा आमच्याच सरावाच्या माळावर होती. शेवटच्या जलद फेरीनंतर एकूण गुणांत पहिली येणारी मुलगी राज्याच्या संघात जाणार होती, आणि तोपर्यंतच्या फेऱ्यांत गुलनाज सगळ्यांच्या पुढे होती. सकाळी सराव करताना तिच्या अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं. रक्त थांबेना. नियमाने मॅगझीन जिचं तिनेच भरायचं असतं, पण ताईंना राहवलं नाही.

“आण इकडं,” त्या म्हणाल्या. “तू पट्टी बांध, मी भरते.”

त्यांनी पहिलं मॅगझीन भरलं. दुसरं भरताना एक गोळी ताडपत्रीवरून घरंगळून गवतात गेली. ताई ती घ्यायला वाकल्या आणि त्या मला नेहमी ठेवत त्या वरच्या खिशातून मी खाली पडले. त्यांचा हात गवतात चाचपडत होता. त्यांना आधी मी सापडले. घाईत अंगठा फिरवायचा राहिला. त्यांनी मला मॅगझीनमध्ये दाबलं, वर खरी गोळी बसवली आणि मॅगझीन गुलनाजच्या हाती दिलं. मी आत अंधारात होते आणि काय होणार हे मला कळून चुकलं होतं.

हुकूम झाला. गुलनाजचं पहिलं मॅगझीन सुरेख गेलं. दुसरं तिने असं चढवलं की मागे उभ्या असलेल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग माझी पाळी आली. टक्. शिकवल्याप्रमाणे तिने मला क्षणात बाहेर फेकलं आणि उरलेल्या गोळ्या झाडल्या. वेळ संपली तेव्हा तिच्या निशाणावर नऊच भोकं होती. नऊच्या नऊ मधोमध.

गोळी खराब निघाली तर पुन्हा संधी मिळते. पण मी खराब नव्हते, मी चुकीची होते. पंच साहेबांनी मला मातीतून उचललं, उलटं धरून रबर पाहिलं आणि मॅगझीन कोणी भरलं ते विचारलं.

“मी भरलं, सर,” गुलनाज म्हणाली.

“लेकरू खोटं बोलून राहिलं,” चांगुणाताई पुढे आल्या. “मी भरलं. मला दिसत न्हाई, सर. लई दिवस झाले.”

शितलने गवतातून ती खरी गोळी शोधून आणली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी ताईंना काही बोल लावला नाही, पण मैदान सोडायला सांगितलं, आणि नियमाने ते बरोबरच होतं. जिथे खरी गोळी असते तिथे न दिसणारं माणूस कसं चालेल? निकाल लागला. गुलनाज दुसरी आली.

ताई सामान आवरत होत्या तेव्हा ती त्यांच्याजवळ गेली. तिचे डोळे कोरडे होते.

“ताई, मला काहून सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं, तर तू मला मैदानावर येऊ दिलं असतं का?”

गुलनाज वळून निघून गेली. साहेबांनी मला परत केलं होतं. ताईंनी मला मुठीत धरलं आणि त्या गाडीत बसल्या.

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि त्या हट्ट्याला भावाच्या घरी राहायला गेल्या. भाऊ संतराम आणि भावजय शकुबाई मनाने चांगली माणसं होती. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वर्षभर आधी आणलं असतं तर नजर वाचली असती. ताई त्यावर नुसत्या हसल्या. अंधार पुरता झाला तेव्हाही त्यांची बोटं थांबली नाहीत. दुपारी ओट्यावर बसून त्या मला डाव्या हातातून उजव्या हातात घेत, जणू भरायला अजून कोणी पुढ्यात बसलं आहे.

शकुबाई कधीकधी विचारायच्या, हिंगोलीला गुलनाजला फोन लावून देऊ का? ताई नको म्हणायच्या. आणि हिंगोलीत गुलनाज बंदोबस्तावर असे, रोज उद्याच जाऊ म्हणे, आणि ताईंना तोंड कसं दाखवायचं या विचाराने मागे फिरे. हे मला नंतर कळलं. साखरेने आधी ताईंचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. पौषात, ऐन हुरड्याच्या दिवसांत, त्या गेल्या. अंगाखाली चाँद पाशांची गादी होती.

चौथ्या दिवशी गुलनाज आली. गणवेशातच होती, ड्यूटीवरून थेट. दारात उभी राहून तिने हाक मारली, तेव्हा शकुबाई बाहेर आल्या.

“तुमी गुलनाज ना? या, बसा. रोज तुमचंच नाव होतं त्यांच्या तोंडात.”

गुलनाज ओट्यावर बसली. शकुबाईंनी तिला पाणी दिलं आणि त्याही बाजूला टेकल्या.

“मी म्हणायची, फोन लावते. तर म्हणायच्या, नको. पोरगी रागात हाय. राग उतरला की येईल आपसूक.”

“मी रागात नव्हते, मावशी,” गुलनाज म्हणाली. “मला वाटलं, त्याच माझ्यावर रागावल्या. मी तशी पाठ फिरवली म्हणून.”

शकुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग उठून आत गेल्या आणि उशाखालून मला घेऊन आल्या. हे काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. ताई सोडत नव्हत्या म्हणून त्यांनी जपून ठेवलं होतं. गुलनाजने मला हातात घेतलं, रबरावरून अंगठा फिरवला आणि तिथेच, परक्या घराच्या ओट्यावर, ती मोठ्याने रडली. स्पर्धेच्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं, ते सगळं.

आता मुलींना तीच शिकवते. ती राज्याच्या संघात पुढे कधी गेली नाही, त्याची खंत ती बोलून दाखवत नाही. सरावाआधी मात्र ती सगळ्यांना ओळीत बसवते आणि विचारते, कोणाला दिसायला, ऐकायला, हाताला काही तकलीफ आहे का? परवाही तिने विचारलं. एकही हात वर आला नाही. मग ती ओळीच्या शेजारी मातीत बसली.

“माझ्या ताईंनी मला सांगितलं न्हाई,” ती म्हणाली. “मीबी कधी विचारलं न्हाई. तुमी सांगा. मी कोणाला घरी पाठवणार न्हाई, दवाखान्यात नेईन.”

मग मागच्या बाजूला पुनम नावाच्या नव्या मुलीने खाली मान घालून हात वर केला.

मित्रांनो, मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला तोंड आहे. तुमच्या घरात, शाळेत कोणी चाचपडताना दिसलं, तर ते स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नका. जवळ बसा आणि आजच विचारा.