डावीकडची नवरी

नवा मॉनिटर लावला आणि आधी पूर्ण पडदा काळा केला. उजव्या खालच्या कोपऱ्यातून उजेड गळत होता, मागे कोणी टॉर्च विसरल्यासारखा. ते चालतं. मग पांढरा केला. एकही ठिपका नाही. मग राखाडी केला, आणि तिथे पकडला. डावीकडचा भाग गुलाबी. जरासाच, पण गुलाबी.

मी आत्याकडे राहते, वसुंधराआत्याकडे. तिला बोलावून दाखवलं.

"सगळं सारखंच तर आहे," ती म्हणाली.

सारखं नव्हतं. लग्नाच्या अल्बमचं उघडलेलं पान छत्तीस इंच लांब असतं. डावीकडे नवरी मेंदी लावून बसलेली, मध्ये मंडपात, उजवीकडे निघताना रडणारी. एकच बाई तीनदा. माझ्या लॅपटॉपवर ते पान मावायचं नाही, म्हणून मी तुकड्यातुकड्यात रंग बसवले. छापून आलं तर तीन वेगळ्या बायका. उजवीकडचीला तर कावीळ.

काम उत्कर्षदादाचं, त्याचा गोरव्याला फोटो स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "मोहना, नजर आहे तुला. पण पुढचं पान असं आलं तर मी दुसरं कोणीतरी बघतो."

अकरावीत शाळा सोडल्यापासून मी बुटीक सोडलं, झेरॉक्सचं दुकान सोडलं, एका डॉक्टरकडे फोन उचलायचे तेही सोडलं. हे एकच काम सोडावंसं वाटलं नव्हतं. म्हणून हा लांबरुंद मॉनिटर. आणि त्याची डावी बाजू गुलाबी. पडदाच गुलाबी असला तर मी चेहऱ्यातला गुलाबी कमी करणार, आणि छापताना डावीकडची नवरी हिरवी येणार.

दुकानदार नीलभाईला फोन लावला.

"बदली देतो ना," तो म्हणाला. तो मराठी बोलतो, चिडला किंवा घाबरला की गुजरातीत जातो. "पण एकच वेळा. खोकं पूरं पाहिजे, पडद्यावर काही लागलेलं नको. ने बेन, बीजो पीस वधारे खराब नीकळे तो?"

दुसरा पीस याहून खराब निघाला तर, हा प्रश्न मलाही पडला होता. तरी खोकं बंद करायला चिकटपट्टी आणायला खाली गेले.

परत आले तर पडद्याच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. ओलं. त्याचा एक ओघळ खाली निघाला होता. समोर जास्वंदीचं फूल आणि वाटीत साखर.

"आत्या! काय केलंस हे?"

"नवी वस्तू घरात आली, कुंकू लावलं. काय केलं काय?"

"पडद्यावर?"

"मग काय मागे लावू? फ्रीजला पण दारावरच लावलं होतं."

"फ्रीजकडे बघत काम करतं का कोणी?"

"तू तर दिवसभर तेच करतेस."

मी हसले नाही. फडकं ओलं करून पुसायला घेतलं. पण हा पडदा गुळगुळीत काचेचा नसतो, खरखरीत असतो. पुसलं तसं कुंकू पसरत गेलं. स्वस्तिक गेलं आणि मध्ये गुलाबी ढग राहिला. आता डावीकडे कंपनीचा गुलाबी आणि मध्ये आमचा घरचा.

"तो परत घेणार होता!" मी ओरडले. "आता कशाला घेईल? गेलं माझं काम!"

आत्या साखरेची वाटी आत ठेवून आली, पर्स घेतली आणि चपला घालून दारात उभी राहिली. "चल. मी सांगते त्याला."

रिक्षात खोकं दोघींच्या मांडीवर आडवं. तसंच अलकापुरीतल्या दुकानापर्यंत.

नीलभाईने मॉनिटर काउंटरवर लावला. मी राखाडी पडदा करून डावीकडे बोट दाखवलं. त्याची नजर मधल्या डागावर गेली. ढगावर हलकेच बोट टेकवलं आणि तेच बोट कपाळाला लावलं.

"पूजा थई गई?"

"डाग पडलाय म्हणून घेत नाही, असं सरळ सांगा ना," मी म्हटलं.

"डाघ तो नीकळी जाय. पण लक्ष्मी तमारा घेर आवी गई. हुं पाछी केवी रीते लउं?"

घरात आलेली लक्ष्मी परत घ्यायची नाही, हा बहाणा असेल म्हणून मी त्याच्याकडे नीट बघितलं. बहाणा नव्हता. तो खरंच घाबरला होता. त्याने माझं डोकं आणखी फिरलं, कारण खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं.

आत्या पुढे झाली. "नीलभाई, पूजा क्यां करी? फक्त कंकुनो चांदलो कर्यो."

"अक्षत?"

"ना."

"नारियेळ?"

"ना रे."

"दीवो?"

आत्या थांबली. मी तिच्या पायावर पाय दिला. तिने तो बाजूला सारला. "दीवो नहीं. अगरबत्ती करी."

मला वाटलं, संपलं.

"अगरबत्ती तो हुं रोज आखी दुकानने करुं छुं," तो शेवटी म्हणाला. "पूजा ना गणाय." म्हणजे अगरबत्ती पूजेत मोडत नव्हती. तो आत जाऊन दुसरं खोकं घेऊन आला.

दुसरा पीस मी तिथेच तपासला. काळ्यावर दोन कोपरे उजळ, पहिल्यापेक्षा वाईट. राखाडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. मी खुर्ची सरकवून दोन्ही बाजूंनी बघितलं. एकसारखाच. मग पांढरा केला आणि मधल्या जागेच्या थोडं वर एक काळा ठिपका. मेलेला.

"अगं बाई, याला तर ठिपका आहे!" आत्या म्हणाली. "मला दिसतोय म्हणजे बघ. पहिलाच बरा होता, स्वच्छ."

"एक ठिपका तर कंपनी पण मोजत नाही," नीलभाई म्हणाला. "पण विचार कर. पछी बदली नथी."

मी पेनड्राइव्हवरचं पान उघडलं, तेच, एकच नवरी तीनदा असलेलं. ठिपका मधलीच्या बाजूबंदावर पडत होता. पान सरकवलं की तो बाजूबंदावरून निघून भिंतीवर जायचा. म्हणजे तो कुठे आहे ते मला कायम कळणार. पहिल्याचा गुलाबी कुठे सुरू होतो तेच कळत नव्हतं. दोन दिवसांत डोळ्याला त्याची सवय झाली असती आणि मग तोच खरा रंग वाटला असता.

"हाच द्या."

"ठिपकेवाला?" आत्या म्हणाली. "लोक हसतील."

"लोक माझ्या मॉनिटरमध्ये बघणार नाहीत. पान बघतील."

पुढच्या आठवड्यात पान छापून आलं. उत्कर्षदादाने ते टेबलावर ठेवलं, मग उचलून दारात नेलं, उन्हात. हाताने एक नवरी झाकली, मग दुसरी. मी दाराच्या कडेची रबरी पट्टी उचकटत उभी होते.

"एकच बाई आहे," तो म्हणाला.

"मग?"

"नवऱ्याची शेरवानी मात्र लाल कर. मुलाकडचे म्हणतात, मरून नव्हती."

"मरूनच होती. त्यांनी फोटो टीव्हीवर बघितले असतील."

"मोहना."

"आधी त्यांचा टीव्ही बघून ये."

"दर वेळी भांडलंच पाहिजे का?"

"रंग बरोबर आहे की नाही, तेवढं सांग."

त्याने पुन्हा पान उन्हात धरलं. बराच वेळ बघितलं.

"आहे," तो म्हणाला आणि खणातून एक हार्ड डिस्क काढली. "डभोईचं लग्न. पिवळा मंडप होता, सगळे चेहरे हळकुंडासारखे आलेत. भांडून झालं असेल तर घेऊन जा."